वर्षाच्या आकड्याचे चार वाटे

हिंजवडीत वावरणाऱ्या माणसाच्या कानावर 'क्वार्टर' हा शब्द दिवसातून दहा वेळा तरी पडतो. (या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि तोही या परिसरात अपरिचित नाही, परंतु आजच्या विषयाशी त्याचा संबंध नाही.) अमुक कंपनीचा क्वार्टर बरा गेला, तमुक कंपनीची भरती पुढच्या क्वार्टरला, पगारातील बदलता हिस्सा क्वार्टर संपल्यावर, अशी बोलणी चहाच्या टपरीवरदेखील चालतात. गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे माहिती तंत्रज्ञानाची वसाहत उभारली, तिच्याबरोबर ही तीन महिन्यांची कालगणना मुळशी तालुक्यात आली. इन्फोसिस ही कंपनी मार्च १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात दाखल झाली. भारतात नोंदलेली अशी ती पहिलीच कंपनी. आणि योगायोग असा की, त्याच १९९९ साली आमच्या केंद्रीय सांख्यिकी संघटनेने राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि तोच आजचा विषय आहे. वर्षातून एकदाच मोजलेल्या गोष्टीचे चार तिमाही आकडे कोठून येतात? जे मोजलेलेच नाही ते वहीत कसे लिहिले जाते? हा प्रश्न हिशेबनिसांचा आहे, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो. पुढे मजुरीच्या वाटाघाटीत हेच आकडे आमच्यासमोर मांडले जाऊ लागले, तेव्हा ते कसे तयार होतात हे शिकून घेणे भाग पडले.

आपल्याकडे मुळात हिशेबाचे एकक वर्ष हेच होते. सालगडी पाडव्याला ठरे आणि पुढच्या पाडव्याला मोकळा होई. बलुतेदाराचे बलुते सुगीला खळ्यावर मिळे. सरकारनेही वर्षाचीच मोजदाद चालविली. एक एप्रिल ते एकतीस मार्च हे सरकारी आर्थिक वर्ष १८६७ पासून चालत आलेले आहे. त्याच सुमाराच्या, म्हणजे १८६७-६८ च्या आकड्यांवरून दादाभाई नौरोजींनी हिंदी माणसाचे दरडोई उत्पन्न वर्षाला वीस रुपये असे काढले आणि ते तुरुंगातील कैद्याच्या पोषणाला लागणाऱ्या खर्चाशी ताडून पाहिले. त्या तुलनेने जे सिद्ध व्हावयाचे ते झाले. परंतु दादाभाईंचा तो आकडाही वर्षाचा. त्या वीसांतील किती रुपये सुगीनंतर घरात आले आणि श्रावण-भाद्रपदात, जुने धान्य संपलेले व नवे अजून उभे असताना, घरात काय होते, हे त्यातून कळत नाही. कळण्याचा मार्गही तेव्हा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष, आणि सभासद दोन : व्ही. के. आर. व्ही. राव आणि आपल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. पुण्याच्या पेठांतून घरोघर पाहणी करवून या शहराचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण सिद्ध करणारे गाडगीळ या समितीत असणे स्वाभाविकच होते. समितीचा अंतिम अहवाल १९५४ मध्ये आला. त्यातही हिशेब वर्षाचाच होता. शेतीचे उत्पन्न, छोट्या कारागिरांचे उत्पन्न, दुकानदारांचे उत्पन्न हे वर्षाकाठीसुद्धा धड मोजता येत नव्हते, तेथे तिमाहीचे नाव कोण काढणार?

कामगारांना मात्र वर्षभर थांबणे परवडत नव्हते. मुंबई सरकारचे लेबर ऑफिस १९२१ मध्ये निघाले आणि कामगारांच्या राहणी-खर्चाचा निर्देशांक महिन्याच्या महिन्याला काढू लागले. दुसऱ्या महायुद्धात महागाई भत्ता आला, तो या निर्देशांकाशी जोडला गेला आणि एका आकड्यावर लाखो घरांची चूल अवलंबून राहू लागली. त्या आकड्यात खोट आहे, महागाई चढते आणि निर्देशांक तितका चढत नाही, या तक्रारीवरून २० ऑगस्ट १९६३ रोजी मुंबई बंद झाली. अर्थशास्त्रज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली आणि निर्देशांकात दुरुस्ती झाली. रस्त्यावर उतरलेल्या गिरणी कामगारांपैकी फार थोड्यांना निर्देशांकाचे गणित येत असेल. बाजारात ज्वारी काय भावाने मिळते हे मात्र प्रत्येकाला येत होते, आणि वाद सुरू व्हायला तेवढे पुरले. आकडा कसा बनतो हे विचारण्याची परंपरा आमच्या चळवळीत तेव्हापासूनची आहे. तिमाही आकड्याला हाच प्रश्न विचारायचा, एवढेच.

आता रीतीकडे वळू.

वर्षाच्या आकड्याचे चार भाग करावयाचे तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चाराने भागणे. पहिल्या वर्षी ४००, दुसऱ्या वर्षी ४४०, तिसऱ्या वर्षी ४८० असे उत्पादन आहे, असे धरा. चाराने भागले की पहिल्या वर्षी दर तिमाहीला १००, मग एकदम ११०, मग एकदम १२०. कागदावर याचे चित्र काढले तर जिना दिसतो. एकतीस मार्चच्या रात्री सगळे झोपी गेले आणि एक एप्रिलच्या सकाळी दहा टक्के अधिक काम करू लागले, असा त्याचा अर्थ होतो. कोणताही कारखाना असा चालत नाही.

हा जिना घासून त्याचा उतार करावा, हा विचार नेदरलंड्समधील लिस्मान आणि सँडी या दोघांनी १९६४ साली एका छोट्या लेखात पद्धतशीर मांडला. यांतील यान सँडी यांचे नाव आपल्याला अगदीच परके नव्हे. भारताच्या नियोजनाचा एक नमुना त्यांनी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेसाठी तयार केला होता आणि तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यांचे म्हणणे असे : वार्षिक आकडे सारख्या प्रमाणात वाढत असतील तर तिमाही आकडेही एका सरळ रेषेत पडले पाहिजेत. आपल्या उदाहरणात मधल्या वर्षाचे चार वाटे मग १०६.२५, १०८.७५, १११.२५ आणि ११३.७५ असे होतात. बेरीज करून पाहा, ४४० भरते. प्रत्येक वाटा आधीच्या वाट्यापेक्षा अडीचने अधिक. जिना गेला, उतार आला.

परंतु आकडे कधी वर, कधी खाली जात असतील तर काय करावे? १९६७ मध्ये बूट, फाइब्स आणि त्याच लिस्मान यांनी एक सर्वसाधारण नियम सुचविला. तो ऐकायला अवघड, पण समजायला सोपा आहे. लागोपाठच्या दोन तिमाह्यांमधील फरक घ्या, त्याचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची बेरीज करा. ही बेरीज कमीत कमी व्हावी आणि तरीही प्रत्येक वर्षाचे चार वाटे मिळून त्या वर्षाचा मूळ आकडा भरावा, असे तिमाही आकडे शोधा. दुसऱ्या शब्दांत, वर्षाची बेरीज न बिघडवता जितके कमी हिसके बसतील तितके बसू द्या. एस.टी.चा सराईत ड्रायव्हर घाट जसा उतरतो, तसे हे आहे.

त्या काळी हे गणित हाताने करणे म्हणजे एक दिवसाचे काम होते. आज ते काही मिनिटांत होते, याचे श्रेय स्प्रेडशीटला आहे. अमेरिकेत हार्वर्डच्या व्यवसाय-विद्यालयात शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांनी प्राध्यापकाला फळ्यावर हिशेबाचा तक्ता मांडताना पाहिले. एक आकडा चुकला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे पुसणे-लिहिणे यंत्राने करावे, या कल्पनेतून त्यांनी बॉब फ्रँकस्टन यांच्या साहाय्याने १९७९ मध्ये 'व्हिसिकॅल्क' तयार केले. आज 'एक्सेल' या नावाने जे ओळखतो, ते त्याच कुळातले. आमच्या बापजाद्यांच्या रोजकीर्द-खतावणीतही उभे-आडवे रकानेच होते. फरक इतकाच की, या तक्त्यातील एक घर बदलले की त्याच्याशी बांधलेली सगळी घरे आपोआप बदलतात.

आम्ही हे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, आमच्या एका सभासदाच्या मुलीकडून. ती येथेच एका कंपनीत नोकरीला आहे आणि काही शनिवार तिने आमच्यासाठी मोडले. तीन वर्षांच्या बारा तिमाह्या एकाखाली एक बारा घरांत लिहायच्या. प्रारंभी काहीही आकडे भरा, चाराने भागलेले चालतात. शेजारच्या रकान्यात प्रत्येक तिमाहीतून आधीची वजा करून त्याचा वर्ग. त्या रकान्याच्या तळाशी बेरीज. दुसरीकडे प्रत्येक वर्षाच्या चार घरांची बेरीज, म्हणजे तीन अटी. मग एक्सेलमध्ये 'सॉल्व्हर' नावाचे जे अवजार आहे त्याला सांगायचे की, या तीन अटी पाळून तळाची बेरीज शक्य तितकी लहान कर. बटण दाबले की बारा घरांतील आकडे भराभर बदलतात आणि स्थिरावतात. प्रथम पाहताना आम्हांला, खरे सांगायचे तर, जादूचा प्रयोग पाहिल्यासारखे वाटले. मागाहून शंका आली. जादूच्या प्रयोगात रिकाम्या टोपीतून कबुतर निघते. येथे तीन आकडे आत घातले आणि बारा बाहेर आले. नऊ आकड्यांची माहिती कोठून आली?

ती कोठूनही आली नाही. ती गृहीत धरली आहे. जग हिसके न देता चालते, हे गृहीत.

हे गृहीत कधी कामाला येते आणि कधी दगा देते, याची परीक्षा घेण्याची संधी अलीकडच्याच इतिहासाने दिली आहे, आणि आम्ही ती घेतली. स्थिर किमतींनुसार देशाचे सकल उत्पादन २०१८-१९ मध्ये १४०.०३ लाख कोटी रुपये, २०१९-२० मध्ये १४५.६९ लाख कोटी आणि, मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे, २०२०-२१ मध्ये १३५.१३ लाख कोटी होते. समजा, तिमाही आकडे कोणी काढलेच नसते आणि एवढे तीनच आकडे आमच्या हाती असते. ते आम्ही वर सांगितलेल्या रीतीने बारा घरांत वाटले. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीच्या घरात ३४.७८ लाख कोटी आले. त्याच्या आधीच्या तिमाहीपेक्षा हे काहीसे कमी आहेत, पण घाबरून जावे असे त्यात काही नाही. पुढे रेषा हळूहळू खाली उतरत जाते आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये ३३.०७ या सर्वांत खालच्या पातळीला पोचते.

आता सरकारने त्या त्या वेळी प्रसिद्ध केलेले तिमाही आकडे पाहा. एप्रिल ते जून २०२० : २६.९० लाख कोटी. आदल्या वर्षीच्या याच तिमाहीत ३५.३५ होते, म्हणजे २३.९ टक्क्यांची घट. आणि जानेवारी ते मार्च २०२१ : ३८.९६ लाख कोटी, त्या वर्षातील सर्वांत मोठा आकडा. म्हणजे रीतीने जी तिमाही सर्वांत वाईट ठरविली ती प्रत्यक्षात सर्वांत बरी होती, आणि जी सर्वांत वाईट होती तिच्यातील जवळजवळ आठ लाख कोटींचा खड्डा रीतीने भरून टाकला. वर्षाची बेरीज दोहोंकडे सारखीच भरते, हे विशेष.

त्या खड्ड्यात कोण होते, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि पुढचे कित्येक आठवडे मुंबई-पुण्याकडून निघालेली माणसे डोक्यावर बोचकी घेऊन महामार्गाने चालत होती. येथल्या इमारतींवर काम करणारे गवंडी आणि बिगारीही त्यांत होते. सॉल्व्हरच्या रेषेत ते सगळे कामावर हजर आहेत. रीत तयार करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दुसरी कोणतीच माहिती हाती नसेल तेव्हा काय करावे, एवढेच त्यांनी सांगितले होते. दोष असेल तर तो, माहिती शोधण्याआधीच बटण दाबणाऱ्याचा.

सरकारी तिमाही आकडा तरी मोजलेला असतो काय? पूर्णतः नव्हे. ऑगस्ट २०२० च्या त्या प्रसिद्धिपत्रकातच माहिती गोळा करण्याच्या यंत्रणेवर टाळेबंदीचा परिणाम झाल्याचे नमूद केले होते. एरवीदेखील पुष्कळसा भाग सावलीवरून ओळखावा लागतो. सावली म्हणजे काय, ते आमच्या एका तंट्याच्या उदाहरणाने सांगतो.

येथील एका कंपनीच्या खानावळीचे काम एका कंत्राटदाराकडे होते. स्वयंपाकी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका हे आमचे सभासद. त्यांचे म्हणणे असे की, जानेवारी ते मार्च या काळात काम फार वाढते, तेवढ्यापुरती माणसे वाढवावीत आणि जादा वेळेचे पैसे मिळावेत. कंत्राटदाराच्या माणसाने वर्षभरात वाढलेल्या ताटांचा आकडा काढला, चाराने भागला आणि तक्ता आमच्यापुढे ठेवला. चारही तिमाह्या सारख्या. काम वाढतेच कोठे? तक्ता संगणकावर काढलेला, रंगीत, रेघा आखलेला. आमचे सभासद त्याच्याकडे पाहत राहिले. अंगमेहनतीने ठाऊक असलेली गोष्ट कागदावर नाही म्हटल्यावर माणूस स्वतःविषयीच साशंक होतो. तसे त्यांचे झाले.

त्यांच्यातीलच एक बाई म्हणाली, "दादा, ताटं कुणी मोजली न्हाईत, पर सिलिंडर तर मोजून येत्यात." गॅसच्या सिलिंडरच्या पावत्या तारीखवार होत्या. आम्ही त्या मांडल्या. येथे आकडे समजण्याच्या सोयीसाठी वाटोळे करून देतो. वर्षात ४,००,००० ताटे आणि १,००० सिलिंडर, म्हणजे सिलिंडरमागे ४०० ताटे. एप्रिल-जूनमध्ये सिलिंडर २००, जुलै-सप्टेंबरमध्ये २८०, ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये दिवाळी-नाताळच्या सुट्ट्यांमुळे २२०, आणि जानेवारी-मार्चमध्ये ३००. मग ताटे अनुक्रमे ८०,०००, १,१२,०००, ८८,००० आणि १,२०,०००. बेरीज तीच, ४,००,०००. परंतु शेवटची तिमाही सरासरीच्या वीस टक्के वर. कंत्राटदाराच्या माणसाने हरकत घेतली की गॅस चहा-नाश्त्यालाही लागतो, आणि ती हरकत योग्य होती. चहाचा गॅस आम्ही अंदाजाने वजा केला, तेव्हा आमचा आकडा थोडा उतरला. तरीही उंचवटा राहिलाच. जादा माणसे मिळाली. जादा वेळेचे पैसे मात्र मागील काळाचे मिळाले नाहीत, पुढच्या वर्षापासून ठरले.

पुढे वाचनात आले की, त्या बाईने जे केले त्याला अर्थशास्त्रात नाव आहे. ज्याचा वार्षिक आकडा ठाऊक आहे, त्याच्याबरोबर हलणारी आणि तिमाहीला मोजली जाणारी दुसरी वस्तू शोधायची आणि तिच्या चढउताराप्रमाणे वर्षाचा आकडा वाटायचा. कॅनडातील फ्रँक डेंटन यांनी, तसेच अमेरिकेतील चाउ आणि लिन या जोडीने, १९७१ साली याच्या दोन निरनिराळ्या रीती मांडल्या. डेंटन यांनी एक मेख काढून टाकली. पुढच्या वर्षी सिलिंडरमागे ४०० ऐवजी ४४० ताटे होऊ लागली, असे समजा. मग साध्या त्रैराशिकात मार्चपर्यंत ४०० आणि एक एप्रिलपासून ४४०, म्हणजे आपला जिना पुन्हा हजर. डेंटन यांच्या रीतीत हे प्रमाण थोडे थोडे बदलत नेतात. सावलीचा आकार जपायचा, वर्षाची बेरीज जपायची आणि सांधा दिसू द्यायचा नाही, अशी ती कारागिरी आहे. आम्हांला ती सुताराच्या रंध्याची आठवण करून देते.

सगळा प्रश्न मग सावली कोणाची घेतली, येथे येऊन थांबतो. राष्ट्रीय हिशेबात मोठ्या कारखान्यांची माहिती वेळेवर मिळते, कंपन्यांचे तिमाही निकाल असतात, औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक महिन्याला निघतो. पत्र्याच्या शेडमधील छोटा कारखाना, हातगाडी, घरी बसून काम करणारी बाई यांचे वर्षात काय झाले, हे पाहणीतून उशिरा कळते. म्हणून तिमाही अंदाजात त्यांच्या वाट्याला पुष्कळदा मोठ्यांचीच सावली येत आली. दोघे एकाच चालीने चालत असतील तर काही बिघडत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये हजार-पाचशेच्या नोटा रद्द झाल्या, किंवा २०२० साली टाळेबंदी झाली, अशा वेळी दोघांची चाल एक राहत नाही. मोठा कारखाना पतीवर तगतो, रोखीवर चालणारा धंदा त्याच आठवड्यात बसतो. सिलिंडर एका खानावळीचे आणि ताटे दुसऱ्या खानावळीची, असा तो हिशेब होतो. अर्थशास्त्रज्ञांनीही ही उणीव वारंवार दाखविली आहे.

सावली आणि तिमाही यांचा शेतीत तर अधिकच घोटाळा. खरिपाचे पीक जूनमध्ये पेरले आणि ऑक्टोबरनंतर घरात आले, तर ते उत्पादन कोणत्या तिमाहीचे? हंगामाच्या वेळापत्रकाप्रमाणे वाटणी केली जाते. सर्व तिमाह्यांत सारखे पसरावे, असे येथे कोणीही जाणता माणूस म्हणणार नाही. हिंजवडीच्या मंडळींना याचे उदाहरण दूर जाऊन शोधायला नको. कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास धुराडे पेटते आणि साधारण मार्च-एप्रिलपर्यंत गाळप चालते. वर्षाची सगळी साखर दोन तिमाह्यांत. त्या वार्षिक आकड्यावर सॉल्व्हर चालविला तर जुलैच्या मुसळधार पावसातही गुळगुळीत रेषेत साखर गळताना दिसेल.

आणि साखरेइतकाच ऊसतोडणीचा मजूर. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरायचा, हंगामभर फडात राबून ती फेडायची, आणि पावसाळ्यात गावी परतून पुढच्या उचलीची वाट पाहायची. याला वर्षाचे उत्पन्न विचारले तर एक आकडा मिळतो. तो बाराने भागून 'महिना इतके' असे सांगणारे अहवाल आम्ही पाहिले आहेत. त्या माणसाच्या आयुष्यात तसा एकही महिना उगवत नाही. मधल्या खळग्यात तो व्याजाने पैसे काढतो, आणि व्याज तर महिन्याचे असते. सरासरीने ते फेडता येत नाही.

महागाई भत्त्यातही सरासरीची ही करामत आहे, ती जाता जाता सांगतो. केंद्र सरकारी नोकरांचा भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो, तो बारा महिन्यांच्या निर्देशांकाच्या सरासरीवरून. शेवटच्या दोन महिन्यांत भाव भडकले तर सरासरीत ते बाराव्या हिश्श्याने भिनतात. भाव उतरताना हीच सरासरी नोकराच्या बाजूने उशीर करते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु भाव फारसे उतरत नाहीत, हाही अनुभव आहे.

रोजगाराच्या मोजणीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगारविषयक मोठ्या पाहण्या १९७२-७३ पासून साधारण पाच वर्षांनी होत. पाच वर्षांतून एकदा! दोन पाहण्यांच्या मधल्या वर्षांत किती माणसे बेकार होती, हे ज्याला हवे असे त्याला रेषाच ओढावी लागे. आणि या रेषा ओढल्या जात, त्यांवरून लेख लिहिले जात, परिषदांत वाद होत. एप्रिल २०१७ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण सुरू झाले आणि शहरांचे आकडे तिमाहीला येऊ लागले. खेड्यांचे मात्र वर्षातून एकदाच. ज्यांचे वर्ष सपाट असते त्या शहरी नोकरदारांना चार आकडे, आणि ज्यांच्या वर्षात सुगी आणि उपास दोन्ही असतात त्यांना एक, अशी ती उलटी व्यवस्था होती. पैसा आणि माणसे अपुरी, हे कारण आम्ही समजू शकतो. परंतु अपुरे साधन नेहमी कोणत्या बाजूला अपुरे पडते, इकडेही पाहावे. जानेवारी २०२५ पासून या सर्वेक्षणाची रचना बदलली. आता आकडे महिन्यालाही निघतात, आणि एप्रिल-जून २०२५ पासून खेड्यांचेही तिमाही आकडे प्रसिद्ध होऊ लागले आहेत.

आमच्या कचेरीतील तक्त्यात तो रकाना आम्ही त्याच महिन्यात घातला. मोजलेला आकडा काळ्या शाईत आणि रीतीने काढलेला आकडा पिवळ्या घरात, असा आमचा दंडक आहे. वाटाघाटीला जाताना समोरच्या बाजूलाही आम्ही तेच विचारतो : यातील पिवळी घरे कोणती? खेड्यांच्या रोजगाराच्या रकान्यात एप्रिल २०२५ च्या वर मागच्या वर्षांच्या तिमाह्यांसाठी जागा आहे. त्या मुलीने विचारले होते की, वार्षिक आकडे आहेतच, सॉल्व्हर चालवून ती भरून टाकू का, पाच मिनिटांचे काम आहे. आम्ही नको म्हटले. ती घरे अजून कोरी आहेत.